लिथियमजन्य हस्तकंप आणि कष्टकऱ्यांचे जीवन

उन्माद व अवसाद यांची आवर्तने ज्या मनोविकारात आलटून पालटून येतात, त्यात मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधांपैकी लिथियम हे सर्वांत जुने औषध होय. ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी १९४९ मध्ये त्याचा उन्मादावरील गुण प्रसिद्ध केला. १९५४ मध्ये डेन्मार्कमधील मोगेन्स स्काऊ व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पद्धतशीर चाचणीने पडताळून पाहिला. मात्र या औषधाबरोबर अनेक रुग्णांना हातांचा कंपही सोसावा लागतो. निरनिराळ्या पाहण्यांत त्याचे प्रमाण फार भिन्न आढळले असले, तरी सुमारे चौथा हिस्सा रुग्णांना तो कमीअधिक जाणवतो असे सामान्यतः मानले जाते.

हा कंप म्हणजे कंपवात नव्हे. कंपवाताचा कंप हात मांडीवर स्वस्थ पडला असताना दिसतो व त्याची गती सेकंदास चार ते सहा आंदोलने एवढी मंद असते. लिथियमचा कंप याच्या उलट, हात पुढे धरला अथवा कामास लावला म्हणजे प्रकट होतो. तो दोन्ही हातांत सारखा, बारीक आणि जलद, म्हणजे सेकंदास साधारण आठ ते बारा आंदोलनांचा असतो. वस्तुतः असा सूक्ष्म कंप प्रत्येक निरोगी मनुष्याच्या हातातही असतोच, फक्त तो डोळ्यांना दिसत नाही. औषधाने तो वाढून दृश्य होतो, इतकेच. चिंता, थकवा, जागरण आणि चहा-कॉफी यांनी त्यास आणखी जोर चढतो.

शहरातील कारकुनाला त्याची अडचण लेखणी धरताना कळते. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेस, गुजरातच्या सीमेजवळ असलेल्या हरसूलच्या परिसरात तीच अडचण निराळे रूप घेते. कोकणा, महादेव कोळी व वारली समाजांच्या या डोंगराळ मुलखात भात, नागली व वरई ही पिके. पावसाळ्यात आवणी, आणि पुढे अनेकांना दिंडोरी-निफाडकडील द्राक्षबागांत मजुरी. घडातील मणी कात्रीने विरळ करण्याचे काम ज्याला करावयाचे, त्याच्या बोटांना थरथर परवडत नाही. शिवाय हात थरथरताना दिसला की पाहणाऱ्याचा पहिला तर्क मोहाच्या दारूवर जातो. रुग्णाला आजारापेक्षा हा आरोप अधिक बोचतो, आणि मग तो कोणासही न सांगता गोळ्या बंद करतो. कंपामुळे होणारी खरी हानी बहुधा येथेच होते. कारण लिथियम एकाएकी थांबविल्यास उन्मादाचा झटका परत येण्याचा धोका मोठा असतो.

या मुलखातील श्रमाशी लिथियमचा आणखी एक संबंध आहे. लिथियम शरीराबाहेर जाते ते मुख्यतः मूत्रपिंडावाटे, आणि मूत्रपिंड त्याला बव्हंशी मिठातील सोडियमप्रमाणेच वागविते. शरीरात पाणी व मीठ कमी पडले की मूत्रपिंड सोडियम राखून ठेवू लागते आणि त्यासोबत लिथियमही राखते. परिणामी, गोळ्या तेवढ्याच असूनही रक्तातील प्रमाण चढते. याची किंमत अमेरिकेत १९४९ मध्येच मोजावी लागली होती. मीठ वर्ज्य असलेल्या हृदयरोग्यांना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड खावयास मिळत असे, आणि त्यातून काही मृत्यू घडल्यावर ते बाजारातून काढून घ्यावे लागले. चैत्र-वैशाखातील उन्हात पुरेसे पाणी न पिता दिवसभर राबणे, किंवा पावसाळ्यातील जुलाब-वांत्या, यांनी तीच परिस्थिती निर्माण होते. अंगदुखीवर सहज घेतल्या जाणाऱ्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या, तसेच रक्तदाबावरील काही औषधेही हे प्रमाण वाढवितात. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल त्या मानाने निर्धोक. जेवणातील मीठ अचानक तोडणे हितावह नाही, ही गोष्ट घरच्या माणसांनाही ठाऊक असावयास हवी.

तेव्हा उपायांचा प्रारंभ रक्ततपासणीपासून व्हावा. देखभालीच्या काळात रक्तातील प्रमाण सामान्यतः लिटरला ०.६ ते ०.८ मिलिमोलच्या आसपास राखतात. नमुना शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यावयाचा असतो: रात्री नऊला गोळी घेतली, तर सकाळी नऊला रक्त, आणि सकाळची गोळी असल्यास ती त्यानंतर. पहाटेच्या एस.टी.ने नाशिक गाठणाऱ्याने निघण्यापूर्वीच गोळी घेतली, तर आकडा फसवा येतो. प्रमाण वरच्या बाजूस असल्यास मात्रा थोडी उतरविणे, अथवा सावकाश विरघळणारी गोळी देणे, एवढ्याने पुष्कळदा काम भागते. तेवढ्याने न भागल्यास वैद्य प्रोप्रॅनोलॉल देतात. ते दम्याच्या रुग्णास चालत नाही, म्हणून दुसऱ्याची गोळी मागून घेऊ नये. थायरॉइड ग्रंथीची तपासणीही करावी, कारण तिच्या अतिरिक्त स्रावानेही हात कापतात.

कोरा चहा कमी करणे उपयोगी, पण तो हळूहळू कमी करावा. चहा-कॉफी एकदम सोडल्यास लिथियमचे उत्सर्जन घटून रक्तातील प्रमाण वाढू शकते. पेला अर्धाच भरणे, तो दोन्ही हातांनी धरणे, कोपर मांडीवर किंवा फळीवर टेकवून कात्री चालविणे, अशा साध्या युक्त्यांनीही बराच आधार मिळतो. बँकेत सही जुळत नसेल तर वैद्याचा दाखला घेऊन नवा नमुना नोंदविणे श्रेयस्कर. सोडियम व्हॅल्प्रोएट या दुसऱ्या औषधानेही असाच कंप होतो व तोही मात्रेनुसार वाढतो. केवळ कंप टाळण्यासाठी त्याकडे वळणे म्हणूनच फारसे शहाणपणाचे नाही.

मात्र कंपाची जात बदलली, तर वरील कोणत्याही उपायाची वाट पाहू नये. बारीक थरथर जाऊन हात मोठ्याने हेलकावू लागले, चालताना झोक जाऊ लागला, बोलणे जड झाले, गुंगी, वांत्या वा जुलाब सुरू झाले, तर ती विषबाधेची लक्षणे समजावीत. लिटरला १.५ मिलिमोलच्या पुढे हा धोका विशेष संभवतो, तथापि वृद्धांत तो त्याखालीही दिसतो. अशा वेळी पुढची गोळी न देता रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे, आणि तो लिथियम घेतो हे तेथे प्रथम सांगावे.