यीस्ट इन्फेक्शन जोडीदाराकडून होतं का? औषध एकानेच घ्यायचं की दोघांनी?

लघवीच्या जागी असह्य खाज, जळजळ आणि अंगावरून जाणारं घट्ट पांढरं पाणी. डॉक्टर तपासून सांगतात, 'यीस्ट इन्फेक्शन आहे.' त्यानंतर अनेक घरांत एकच प्रश्न उरतो - हे आलं कुठून?

बायकोला वाटतं नवऱ्याचं बाहेर काहीतरी आहे, नवऱ्याला वाटतं बायको काहीतरी लपवतेय. काही जोडपी न बोलता मेडिकलमधून दोघांसाठी गोळ्या घेऊन येतात. बहुतेक वेळा यातला संशयही चुकीचा असतो आणि दुसऱ्यासाठी आणलेली गोळीही अनावश्यक.

यीस्ट इन्फेक्शन म्हणजे नेमकं काय?

यीस्ट ही एक प्रकारची बुरशी आहे. योनीमार्गातल्या बहुतेक यीस्ट इन्फेक्शनला 'कॅन्डिडा अल्बिकन्स' ही बुरशी कारणीभूत असते.

ती बाहेरूनच यावी लागते असं नाही. तोंडात, आतड्यात, त्वचेवर ती एरवीही असते. साधारण १० ते २० टक्के स्त्रियांच्या योनीमार्गात कॅन्डिडा असते, पण त्यांना कसलाही त्रास नसतो.

शरीरातला समतोल बिघडला की ही बुरशी वाढते. अँटिबायोटिकचा कोर्स, गरोदरपण, वाढलेली शुगर किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं ही त्याची नेहमीची कारणं. त्यामुळे कधीच शरीरसंबंध न आलेल्या मुलींनाही हे इन्फेक्शन होऊ शकतं.

अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या अंदाजानुसार सुमारे ७५ टक्के स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो.

मग हा लैंगिक आजार आहे का?

नाही. गरमी, परमा किंवा एचआयव्हीच्या यादीत यीस्ट इन्फेक्शन धरलं जात नाही. फक्त यीस्ट इन्फेक्शन झालं म्हणून कोणी बाहेर संबंध ठेवले, असा निष्कर्ष काढता येत नाही.

पण जोडीदाराला काहीच होत नाही, असंही नाही. संबंधांतून बुरशी एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते. काही पुरुषांना शिश्नाच्या टोकाला लाली, खाज, जळजळ किंवा बारीक पुरळ येते. पुढच्या कातडीखाली ओलावा राहत असेल तर हा त्रास जास्त होतो. दोन स्त्रियांच्या संबंधांतही इन्फेक्शन पसरू शकतं.

दोघांनीही औषध घ्यायचं का?

जोडीदाराला त्रास नसेल तर गरज नाही. लक्षणं नसलेल्या पुरुषांना औषध दिल्याने त्यांच्या जोडीदाराचं इन्फेक्शन पुन्हा होण्याचं प्रमाण कमी होतं, असं अभ्यासांमध्ये दिसलेलं नाही. त्याला खाज किंवा लाली असेल, तर मात्र तपासून घेऊन बुरशीविरोधी मलम लावावं लागतं.

इथे एक मोठी गफलत होते. अंगावरून पांढरं जाण्याचं कारण प्रत्येक वेळी यीस्ट नसतं.

- यीस्ट: फाटलेल्या दुधासारखा गुठळ्यांचा स्राव, खूप खाज, सहसा वास नाही.
- बॅक्टेरियल व्हजायनोसिस: पातळ, राखाडी-पांढरा स्राव आणि माशांसारखा वास.
- ट्रायकोमोनिॲसिस: पिवळसर-हिरवट, कधी फेसाळ स्राव.

यातला ट्रायकोमोनिॲसिस हा लैंगिक संबंधांतून पसरणारा आजार आहे आणि त्यात दोघांनीही औषध घ्यावंच लागतं. बॅक्टेरियल व्हजायनोसिसमध्येही पुरुष जोडीदाराला औषध दिल्यास आजार पुन्हा होण्याचं प्रमाण घटतं, असं ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात दिसलं. तो २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला.

म्हणजे 'दोघांनी औषध घ्यायचं का' याचं उत्तर आजार कोणता यावर ठरतं. लक्षणं एकमेकांत मिसळतात, त्यामुळे नुसत्या अंदाजावर जाऊ नका.

दोघांच्याही जांघेत खाज येत असेल तर?

गोल, कडेला लालसर चट्टे असतील तर तो गजकर्ण असू शकतो. ती वेगळी बुरशी आहे आणि स्पर्शातून, टॉवेलमधून, कपड्यांतून पसरते. रात्री वाढणारी खाज घरात अनेकांना असेल तर खरूजही असू शकते. या दोन्हींचे उपचार वेगळे आहेत.

पुन्हा पुन्हा होत असेल तर?

वर्षात ३ किंवा जास्त वेळा त्रास झाला, तर जोडीदाराकडे बोट दाखवण्याआधी रक्तातली शुगर तपासा. पुरुषांना वारंवार असा त्रास होत असेल तर त्यांनीही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. कधीकधी त्याची पहिली खूण इथेच दिसते.

डापाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहाच्या काही गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. त्यामुळे स्त्री-पुरुष दोघांमध्येही असं इन्फेक्शन वाढू शकतं. अशी गोळी सुरू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

काय टाळायचं?

- मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणू नका. खाज तात्पुरती थांबते, बुरशी मात्र वाढत राहते.
- योनीमार्गात दही, लसूण, साबण किंवा जंतुनाशक वापरू नका. बाहेरून साधं पाणी पुरेसं आहे.
- गरोदर असाल तर फ्लुकोनॅझोलची गोळी मनाने घेऊ नका. अशा वेळी डॉक्टर सहसा योनीमार्गात वापरायचं औषध देतात.
- उपचार संपेपर्यंत संबंध टाळलेले बरे. योनीमार्गात वापरायच्या काही तेलकट मलमांमुळे लॅटेक्सचा कंडोम कमकुवत होऊन फाटू शकतो.

डॉक्टरकडे कधी जायचं?

पहिल्यांदाच त्रास होत असेल, गरोदर असाल, ताप किंवा ओटीपोटात दुखत असेल, फोड-जखमा दिसत असतील, संबंधांनंतर रक्त जात असेल किंवा औषध घेऊनही आराम पडत नसेल तर थांबू नका. स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

खासगी दवाखान्याचा खर्च परवडत नसेल, तर जिल्हा रुग्णालयं आणि वैद्यकीय महाविद्यालयांमध्ये 'सुरक्षा क्लिनिक' असतात. तिथे अशा तक्रारींची तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. जोडीदारालाही त्रास असेल तर दोघांनी एकत्रच जा. एकाच वेळी तपासणी झाली की नेमका आजार लवकर कळतो.