एक रुपयाच्या नोटेवरचा ‘सागर सम्राट’. समुद्रात बोअर मारतात तरी कसा?

किन्हवली : लग्नात आहेराच्या पाकिटात आपण एकावन्न, एकशे एक घालतो. त्यातली एक रुपयाची नोट उलटी करून बघा. समुद्रात उभा असलेला लोखंडी मनोरा दिसेल. तोच ओएनजीसीचा ‘सागर सम्राट’. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत, समुद्रात, याच रिगने फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल शोधलं. तेच बॉम्बे हाय.

पण तेल लागलं म्हणजे काम झालं असं नाही. आपल्याकडेही एकाच्या बोअरला तीन इंच पाणी लागतं आणि बांधापलीकडच्या बोअरमधून नुसता फुफाटा उडतो. समुद्रात तेच. म्हणून पहिल्या विहिरीनंतर थोड्या अंतरावर आणखी विहिरी खोदतात. साठा कुठवर पसरलाय, किती जाड आहे, तेल जोरात येतं की नुसतं पाझरतं, हे त्यातून कळतं. याला पडताळणीची विहीर म्हणायचं. कोट्यवधींचे प्लॅटफॉर्म आणि पाइपलाइन टाकायची की नाही, हे तिच्यावर ठरतं.

आता अडचणी. तिथे पाणीच सत्तर-ऐंशी मीटर खोल. रिग तरंगत येते, तिचे लांब पाय समुद्राच्या तळावर टेकवतात आणि मग अख्खी रिग लाटांच्या वर उचलतात. तळ भुसभुशीत असेल तर एक पाय जास्त रुततो आणि रिग कलते. पावसाळ्यात तर ती हलवायचं नावच नको.

आपला बोअरवाला हवेच्या दाबाने चुरा बाहेर काढतो. तिथे तसं चालत नाही. तिथे पाइपातून खास बनवलेला जड चिखल खाली सोडतात. तो चुरा वर आणतो, बिट थंड ठेवतो आणि मुख्य म्हणजे खालच्या वायूला दाबून धरतो. खरी कसोटी इथेच आहे. चिखल हलका पडला तर वायू उसळून वर येतो. जड झाला तर खडक फुटतो आणि चिखल भेगांत गायब होतो. बॉम्बे हायचं तेल मुख्यतः चुनखडीत आहे, आणि चुनखडीत पोकळ्या असतात. वायू आवरला नाही तर काय होतं, ते जुलै १९८२ मध्ये ‘सागर विकास’ रिगवर दिसलं. विहीर उसळली आणि आग लागली. असं होऊ नये म्हणून विहिरीच्या तोंडावर मोठाले व्हॉल्व्ह बसवलेले असतात, पण ते वेळेत बंद व्हायला हवेत.

टप्प्याटप्प्याने केसिंग टाकून मागे सिमेंट भरतात. मग चाचणी. विहीर काही तास वाहू देतात, बंद करतात आणि दाब किती वेळात परत चढतो ते मोजतात. आपण मोटर लावून पाणी उपसतो आणि किती वेळात परत भरतं ते बघतो ना, तसंच.

बॉम्बे हायच्या विहिरी या परीक्षेत पास झाल्या. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. तिथला वायू उरणला येतो आणि त्यातून स्वयंपाकाचा गॅसही निघतो.

विहीर कोरडी निघाली तर? तिच्यात सिमेंटचे बूच भरून ती कायमची बंद करतात. आपल्याकडे मात्र कोरड्या बोअरच्या तोंडावर गोणपाट आणि वर एक दगड. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय, की सोडून दिलेला बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगडगोट्यांनी भरून टाकायचा.