शेजारच्या आजींची वाटी

आज आपण बोलूया शेजारच्या आजींच्या जेवणाबद्दल.

प्रत्येक आळीत एखादं तरी घर असतं, जिथं आजी एकट्याच राहतात. मुलगा पुण्याला नाहीतर मुंबईला, लेकी आपापल्या घरी. रेशनचं धान्य डब्यात असतं. "जेवलात का आजी?" असं विचारलं की "जेवले की गं" हे उत्तरही ठरलेलं. पण काय जेवलात, हे कधी विचारून बघा. सकाळी चहा-चपाती, दुपारी कालची भाकरी चटणीबरोबर कुस्करून आणि रात्री "भूक नाही" म्हणून पुन्हा चहा.

घरात काही नाही म्हणून हे होतं असं नाही. एकटीसाठी डाळ शिजवायचा कंटाळा येतो. दात नसल्यानं चावत नाही. आणि समोर कुणी जेवायला नसलं की घास उतरत नाही. पोट भरतं, पण अंगाला काही लागत नाही.

म्हातारपणी भूक कमी होते, पण प्रथिनांची गरज कमी होत नाही. वजनाच्या दर किलोमागे साधारण एक ग्रॅम, असा ढोबळ हिशोब धरा. म्हणजे ४५ किलो वजनाच्या आजींना दिवसाला ४० ते ४५ ग्रॅम प्रथिनं हवीत. एका भाकरीतून मिळतात जेमतेम पाच-सहा ग्रॅम. बाकीची कमी राहिली की मांड्या-पोटऱ्यांमधली ताकद जाते. मग जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो, उंबऱ्यात पाय अडखळतो. एकदा पडून खुब्याचं हाड मोडलं, की पुढचं सगळंच अवघड होतं.

आता ही कमी आपल्या रोजच्या स्वयंपाकातून कशी भरायची ते बघू. एक वाटी घट्ट वरण, एक पेला दूध किंवा एक अंडं, यांतल्या प्रत्येकातून साधारण सहा-सात ग्रॅम प्रथिनं मिळतात. मूठभर शेंगदाण्यांचा कूट भाजीत घातला तर तेवढीच आणखी मिळतात. दात नसतील तर मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, हुलग्याचं माडगं, ताकातली नाचणीची आंबील हे पदार्थ करा. नाचणीत कॅल्शियम भरपूर, १०० ग्रॅम पिठात सुमारे ३५० मिलिग्रॅम असतं. चाकवत किंवा पालक डाळीत घोटून द्या, शेवग्याच्या शेंगांचा गर काढून आमटीत घाला. वर लिंबू पिळा, त्यानं भाजीतलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा मात्र नको, तो लोह अंगी लागू देत नाही.

मीठ दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका छोट्या चमच्यापेक्षा कमी असावं. लोणचं, पापड, खारवलेली मिरची यांतलं मीठही त्यातच धरायचं. चव मिळमिळीत वाटू नये म्हणून जिरं, लसूण, कोथिंबीर आणि लिंबू सढळ हातानं वापरा. वय झालं की तहानही कळत नाही, म्हणून गेल्या गेल्या आधी पाणी विचारा. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर मात्र डाळ, दूध, पाणी किती द्यायचं हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आजींना मधुमेह असेल आणि त्या गोळी किंवा इन्सुलिन घेत असतील, तर जेवण चुकणं धोक्याचं आहे. औषध घेतलं आणि पोटात काहीच नाही, तर साखर एकदम उतरू शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं असंबद्ध होतं. आजी शुद्धीवर असतील आणि गिळता येत असेल तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायला द्या, मग जेवण द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, लगेच १०८ ला फोन करा. एकादशी-चतुर्थीचे उपास करायचे की नाही, हेही अशा आजींनी डॉक्टरांना विचारायला हवं. ज्यांना चालतं, त्यांच्यासाठी नुसत्या साबुदाण्यापेक्षा भगर, दाण्याची आमटी, राजगिरा आणि दूध बरं.

काय द्यायचं ते कळलं, पण कसं द्यायचं हेही तितकंच महत्त्वाचं. ज्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्यांना वाढलं, तिला घेणं जड जातं. "तुम्हाला करवत नाही म्हणून आणलं" असं म्हटलं तर त्या दुसऱ्या दिवशी नको म्हणतील. त्यापेक्षा "आजी, आमटीला तुमच्यासारखी चव येत नाही, बघा बरं" म्हणा. आपल्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत. त्या वाटीत चार चिंचा घालतील, कढीपत्ता घालतील. तो आनंदानं घ्या, "कशाला हो" म्हणू नका. आजी तुमचे तांदूळ निवडतील, तुम्ही बाजारला गेलात तर पोरांकडे बघतील. देणं-घेणं दोन्हीकडून झालं की ती मदत राहत नाही, घरोबा होतो.

वाटी द्यायला मुलांना पाठवा. आणि आठवड्यातून एकदा तरी आजींना आपल्याच घरी पंगतीला बसवा. एकटीनं अर्धी भाकरी खाणारी बाई चौघांत बोलता बोलता सबंध भाकरी खाते. मुलांनाही डाळ-भाजी नाकारता येत नाही, कारण आजी बघत असतात!

हे सगळं एकाच घरावर पडू नये. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते भरून झाले की दहा मिनिटं काढा. आपल्या आळीत एकटं कोण राहतं, त्यांची नावं काढा, वार वाटून घ्या. आजींच्या मुलाचा फोन नंबर एकीकडे तरी असू द्या. ब्लाउज ढिला झालाय का, बांगडी कोपरापर्यंत सरकते का, गिळताना ठसका लागतो का, एवढं बघत राहा. असं काही दिसलं तर आशाताईंना कळवा आणि आजींना आरोग्य केंद्रात घेऊन जा.

आपल्या पातेल्यातली एक वाटी काढल्यानं घरात कुणाला कमी पडत नाही. तर मैत्रिणींनो, आज संध्याकाळी वरण शिजलं की शेजारचं दार वाजवा, आणि "जेवलात का?" असं विचारण्याऐवजी "काय जेवलात?" असं विचारा.