प्रेमाचे वतन

श्रावणातील झडीच्या दुपारी माजघरात सतरंजी पसरावी, बदाम सात खेळण्यासाठी घरातील थोरामोठ्यांनी आणि चिल्ल्यापिल्ल्यांनी तिच्याभोवती कोंडाळे करावे, आणि ज्याच्या वाट्याला बदामाची सत्ती आली असेल त्याने ती मोठ्या ऐटीने मधोमध टाकावी, हा अनुभव महाराष्ट्रात कोणाला नवा नाही. पण त्या पानावरील तांबड्या ठिपक्यांकडे कधी निरखून पाहिले, तर एक मौज ध्यानात येते. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधील पत्ते बनवणाऱ्या कारागिरांनी ज्या आकृतीला हृदय म्हणून आपल्या चार रंगांत स्थान दिले, तीच आकृती समुद्र ओलांडून आमच्याकडे आली तेव्हा मराठी माणसाने तीत हृदय ओळखलेच नाही; त्याला दिसला तो बदाम! आणि त्याची नजर चुकली, असे म्हणण्याचे धैर्य मला तरी होत नाही. छातीच्या पिंजऱ्यात किंचित डावीकडे कललेला, मुठीएवढ्या आकाराचा आणि सुमारे 300 ग्रॅम वजनाचा तो स्नायूंचा गोळा, माथ्यावर रक्तवाहिन्यांचा गुंताडा बाळगणारा, त्या सुबक दुपाकळी चित्रासारखा मुळीच दिसत नाही. तेव्हा प्रश्न दोन उरतात: प्रेमाचा मुक्काम हृदयात असतो हे ठरवले कोणी, आणि हृदयाला हे रूप बहाल केले कोणी?

पहिल्या प्रश्नाचा निवाडा वाटतो तितका सोपा नाही, कारण देहाच्या मुलखात प्रेमाच्या वतनावर हक्क सांगणारे दावेदार अनेक आहेत. आपल्याच भाषेचे जुने दप्तर उघडून पाहावे. आईची माया पोटात असते. लेकरासाठी तिचे आतडे तुटते. सासरी निघालेल्या मुलीला पाहून बापाचा ऊर भरून येतो. आणि तीच मुलगी त्याच्या काळजाचा तुकडा असते. या काळजाची कुळकथा तर विशेषच मनोरंजक आहे. ज्या संस्कृत ‘कालेय’ शब्दाशी त्याचे नाते सांगतात, त्याचा अर्थ यकृत असा आहे, आणि आजही खाटकाच्या दुकानात काळीज मागितले तर पुढ्यात येते ते यकृतच! फारसीने आम्हांला दिल दिले, आणि त्याच्या पाठोपाठ दिलासा, दिलगिरी, दिलजमाई अशी सारी बिऱ्हाडे आणून वसवली; पण त्याच फारसीने जिवाभावाच्या मित्राला ‘जिगरी’ म्हणण्याचीही चाल पाडली, आणि जिगर म्हणजे पुन्हा यकृतच. ग्रीकांचा प्लेटोही वासनांची वस्ती यकृताच्या परिसरात दाखवतो. सारांश, यकृताचा दावा निव्वळ बनावट म्हणून खारीज करता येण्याजोगा नव्हता.

संस्कृत परंपरेने मात्र आपला कौल बव्हंशी हृदयाच्या बाजूने दिला. उपनिषदांनी हृदयात एका लहानशा कमलगृहाची कल्पना करून त्यात आत्म्याला वसवले. सुश्रुताने हृदयाला अधोमुख कमळाची उपमा देऊन ते जागेपणी उमलते आणि निद्रेत मिटते असे म्हटले, आणि चेतनेचे स्थानही तेच मानले. याच विचाराचा एक धागा आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोचला आहे. गर्भाच्या चौथ्या महिन्यात त्याचे हृदय व्यक्त होते, म्हणून त्या काळात स्त्री दोन हृदयांची, अर्थात ‘दौहृदिनी’ होते, आणि तिच्या तोंडून जी इच्छा प्रकट होते ती त्या दुसऱ्या हृदयाची असते, असे आयुर्वेद सांगतो. या ‘दौहृदा’चे ‘दोहद’ झाले, आणि दोहदापासून आमचे डोहाळे आले, अशी या शब्दाची परंपरागत व्युत्पत्ती आहे. आंबट चिंचेचा हट्ट धरणाऱ्या सुनेला हसणाऱ्या नणंदांना ठाऊक नसते, की त्या दोन हृदयांच्या एका प्राचीन सिद्धान्ताची थट्टा करीत आहेत.

ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने मेंदूला रक्त थंड करण्याच्या कामावर नेमले, आणि संवेदनेचा सारा कारभार हृदयाच्या हवाली केला. कोंबडीचे अंडे फोडून पाहताना, इतर अवयवांचा पत्ता नसताना रक्ताचा एक ठिपका धडधडताना त्याला दिसला होता. जे सर्वांआधी जिवंत होते तेच सर्वांचे मूळ, असे त्याला वाटले यात नवल नाही. परंतु तत्त्ववेत्त्याच्या प्रतिपादनाहून मला अधिक बोलकी वाटते ती एका वैद्याची कथा. ज्या सेल्युकसाचा चंद्रगुप्त मौर्याशी तह झाला, त्याचा पुत्र अँटिओकस अंथरुणाला खिळला, आणि रोगाचे निदान काही केल्या होईना. तेव्हा एरासिस्ट्रेटस नावाचा वैद्य त्याच्या उशाशी बसून राहिला. दालनात कोणीही येवो, रोगी निश्चल असे. पण त्याची तरुण सावत्र आई स्ट्रॅटोनिसी आत आली, की त्याची वाचा अडखळे, चेहरा आरक्त होई आणि छातीची धडधड अनियमित होऊन जाई. मुखाने जे लपवले ते छातीने सांगून टाकले. बापाने अखेर आपली राणी मुलाला दिली, असे प्लुटार्कने नमूद करून ठेवले आहे.

या कथेत, मला वाटते, सगळ्या तंट्याचा निकाल दडला आहे. पोटातली माया अबोल असते, यकृत जन्मभर मूकपणे राबत असते, आणि मेंदू तर आपल्या हालचालीचा थांगपत्ताही लागू देत नाही. देहातील थोर अवयवांपैकी भरदरबारात मोठ्याने जबानी देणारे एकटे हृदयच. प्रिय व्यक्तीची चाहूल लागताच मेंदूतून हुकूम सुटतो, मज्जातंतूंमार्फत आणि ॲड्रेनलिन नावाच्या द्रवाकरवी तो हृदयापर्यंत पोचतो, आणि मिनिटाला सत्तर-बहात्तर ठोक्यांची त्याची चाल एकाएकी दुडकी होते. हुकूम कोणी दिला हे आपल्याला दिसत नाही; दवंडी तेवढी ऐकू येते. आणि लोक दवंडी पिटणाऱ्यालाच वतनदार समजले!

आता त्याच्या रूपाविषयी. मध्ययुगीन युरोपात शवविच्छेदन विरळा होते. चित्रकारांसमोर हृदय नसून हृदयाचे वर्णन असे. दुसऱ्या शतकातील गेलेन या वैद्याने त्याला शंकूचा आकार सांगितला होता, त्यामुळे आरंभीच्या चित्रांतून ते पाइन वृक्षाच्या फळासारखे दिसते. पादुआ येथील प्रार्थनामंदिरात इ. स. 1305च्या सुमारास जोत्तोने रंगवलेली करुणामूर्ती आपले हृदय उचलून ईश्वराच्या हाती देते. त्यानंतर चौदाव्या शतकात इटलीतील चित्रांतून माथ्यावरची ती प्रसिद्ध खाच दिसू लागली. ॲरिस्टॉटलने हृदयात तीन कप्पे सांगितले होते, आणि त्या वर्णनावरूनच ही खाच पडली असावी, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. पुढे पत्त्यांनी ही आकृती गुत्त्यागुत्त्यांतून फिरवली, आणि सतराव्या शतकात फ्रान्समधील मार्गारेट मेरी या जोगिणीच्या साक्षात्कारांनंतर येशूच्या पवित्र हृदयाच्या भक्तीने तिला देव्हाऱ्यात बसवले. गोव्यातील आणि वसईतील ख्रिस्ती घरांच्या भिंतींवर ते ज्वालायुक्त हृदय आजही पाहायला मिळते. जुगाऱ्याच्या हाती आणि भक्ताच्या भिंतीवर एकच चिन्ह तितक्याच सहजपणे नांदावे, हे भाग्य फार थोड्या आकृतींच्या वाट्याला आले असेल.

विज्ञानाने मात्र हृदयाचा मोठेपणा टप्प्याटप्प्याने उतरवला. 1628 साली विल्यम हार्वेने रक्ताभिसरणावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि आत्म्याचे हे कमलगृह दिवसाकाठी सुमारे एक लाख ठोके देणारे रक्त खेळवण्याचे यंत्र ठरले. 1967च्या डिसेंबरात केपटाऊन येथे डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी एका माणसाचे हृदय दुसऱ्याच्या छातीत बसवले, आणि त्यानंतर थोड्याच आठवड्यांत, 1968च्या फेब्रुवारीत, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील तसा पहिला प्रयत्न केला. त्यांचा रोगी काही तासांपलीकडे जगला नाही. पण ज्या रोग्यांना पुढे दीर्घायुष्य लाभले, त्यांनी जुन्या समजुतीची कसोटीच पाहिली. परक्याचे हृदय घेऊन शुद्धीवर आलेला माणूस आपल्याच बायकामुलांना हाक मारतो. त्या नव्या हृदयाचे मज्जातंतू तुटलेले असल्यामुळे ते स्वतःच्या लयीने चालते, आणि भीतीची किंवा हर्षाची वर्दी त्याला रक्तावाटे, जराशी उशिराच पोचते. दवंडीवाला बदलला, तरी हुकूम देणारा जागचा हलला नव्हता.

म्हणून हृदयाचा प्रेमाशी काही संबंधच नाही, असे मानायचे काय? तसेही नाही. 1990 साली जपानी डॉक्टरांनी एका विकाराला नाव दिले. जिवलगाच्या मृत्यूसारखा आघात झाला, की काहींच्या हृदयाचा डावा कप्पा फुगून चिंचोळ्या गळ्याच्या, फुगीर बुडाच्या मडक्यासारखा होतो. तशा मडक्यांनी जपानी कोळी ऑक्टोपस धरतात, म्हणून त्याला ‘ताकोत्सुबो’ म्हणतात. बहुधा काही आठवड्यांत तो कप्पा पूर्ववत होतो. क्वचित जिवावरही बेतते. चित्रकारांनी हृदयाला दिलेला आकार कल्पित होता. दुःख मात्र त्याला खराखुरा आकार देऊन जाते. वतनाची सनद मेंदूच्या नावे आहे हे खरे; पण हुकूम कोणाचाही असो, त्याचा भार अखेर ज्याच्या अंगावर पडतो, त्याच्या नावाने लोकांनी ते वतन चालू ठेवले, यात मला तरी मोठासा अन्याय दिसत नाही. सतरंजीवर पडलेल्या त्या पानाला आम्ही खुशाल बदाम म्हणत राहावे. डाव त्याच्यावाचून सुरू होत नाही, हे तर खेळणारा प्रत्येक पोर जाणतो.