एक ठेका, अनेक गीते

गीत ऐकताना आपले लक्ष शब्दांकडे व गायकाच्या गळ्याकडे असते. परंतु त्या दोहोंच्या खाली ठेका असतो. घराचा पाया दृष्टीस पडत नाही, तसाच ठेका आणि तो रचणारा मनुष्यही बहुधा दृष्टीआड राहतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातील संगमनेर येथे इ. स. १७४४ मध्ये अनंत फंदी या शाहिराचा जन्म झाला. प्रथम तो तमाशात रमला. पुढे अहिल्याबाई होळकरांच्या उपदेशाने तो कीर्तनाकडे वळला, असे सांगतात. लोकांना खडे बोल सुनावणारी ‘फटका’ नावाची रचना त्याने लोकप्रिय केली. त्याच्या सर्वांत प्रसिद्ध फटक्यातील ओळीचे दोन भाग पडतात. पहिला सोळा मात्रांचा व दुसरा चौदा मात्रांचा. ऱ्हस्व अक्षराची एक व दीर्घ अक्षराची दोन, अशा मात्रा मोजाव्यात. उदाहरणार्थ, ही साधी ओळ टाळी वाजवून म्हणून पाहा :

विहिरीमधले पाणी सरले, झाड तोडणे बरे नव्हे.

स्वल्पविरामापर्यंत सोळा आणि पुढे चौदा मात्रा भरतात. हा साचा ठाऊक झाला, की त्यात नवे शब्द बसविता येतात. अनंत फंदी १८१९ मध्ये निवर्तला, पण त्याचा साचा राहिला. स्वातंत्र्याला पन्नास वर्षे होण्याच्या सुमारास कुसुमाग्रजांनी स्वातंत्र्यदेवतेच्या तोंडी जी विनवणी घातली, ती याच सोळा-चौदा मात्रांच्या फटक्यात. ठेका जुना, पण विचार सर्वस्वी नव्या काळाचा!

ही रीत केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. वेस्ट इंडीजमधील जमैका बेटावर ‘डान्सहॉल’ नावाचे संगीत प्रचलित आहे. तेथे निर्माता प्रथम वाद्यांचा ठेका तयार करतो. त्याला ‘रिडिम’ म्हणतात. मग निरनिराळे गायक त्याच ठेक्यावर आपापली गीते रचून गातात. २००२ च्या सुमारास स्टीव्हन मार्सडेन ऊर्फ लेंकी या निर्मात्याचा एक रिडिम फार गाजला. त्यात टाळ्यांचा नाद ठळक आहे, आणि त्याचे नाव आहे ‘दिवाळी’! शॉन पॉल, वेन वंडर अशा अनेक गायकांनी त्यावर वेगवेगळी गीते गायिली. गीते दूरदूरच्या देशांत पोचली. परंतु गायकांची नावे ज्यांच्या ओठी आली, त्यांतील कितीकांना लेंकीचे नाव ठाऊक असेल?

आपले शाहीर कवनाच्या अखेरीस स्वतःचे नाव गुंफीत. म्हणून ते कवन कोणाचे, हे आज कळते. त्यांच्यामागे ढोलकी व तुणतुणे वाजविणाऱ्यांची नावे मात्र बहुतेक लोपली. मग दुसऱ्याचा ठेका घेणे ही चोरी आहे काय? दुसऱ्याचे शब्द आपले म्हणून सांगणे ही चोरी खरी. पण सर्वांच्या वापरातील साच्यात आपला विचार ओतणे, ही परंपरा होय. नदीवरच्या घाटाप्रमाणे तो साचा सर्वांचा असतो. मात्र घाटावरून पाणी भरताना तो बांधणाऱ्याचे स्मरण ठेवावे, हाच खरा कृतज्ञपणा.