उद्याचा विचार कोणाला परवडतो?

‘या लोकांना उद्याचा विचारच नाही,’ हे वाक्य नंदुरबार जिल्ह्यात वर्षातून निदान दोनदा हमखास ऐकू येते. एकदा दिवाळीच्या सुमारास, जेव्हा सातपुड्याच्या पाड्यांवरून कुटुंबेच्या कुटुंबे मालमोटारींत बसून दक्षिण गुजरातेतील उसाच्या फडांकडे निघतात आणि शाळांतील बाके रिकामी होऊ लागतात. दुसऱ्यांदा फाल्गुनात, जेव्हा तीच माणसे होळीसाठी गावी परततात आणि भोंगऱ्याच्या बाजारात हात सैल सोडून खर्च करतात. हे वाक्य उच्चारणारी माणसे दुष्ट नसतात. बहुधा ती शिक्षक असतात, ग्रामसेवक असतात, तहसील कचेरीतील किंवा बँकेतील कारकून असतात. पुष्कळदा त्यांच्या बोलण्यात तिरस्कारापेक्षा कळकळच अधिक असते. परंतु कळकळीने दिलेला निवाडाही पुरावा न पाहता दिलेला असू शकतो.

या निवाड्याचा इतिहास जुना आहे. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला, तेव्हा भिल्ल म्हणजे लुटारू अशी समजूत सरकारी दप्तरात पक्की झालेली होती. गावाची राखण करून त्याबद्दल ठरलेला हक्क घेणारा जागल्या हा त्याच समाजातला होता, आणि अठराव्या शतकाच्या अखेरच्या बेबंदशाहीत व त्यामागून आलेल्या दुष्काळात त्याचा तो हक्क बुडाला होता, ही गोष्ट मात्र निवाडा करताना फारशी कोणी विचारात घेतली नाही. पुढे १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने धरणगावी भिल्ल पलटण उभारली. नेमून दिलेले काम आणि नियमित वेतन हाती पडताच ज्यांना लुटारू म्हटले त्यांच्याकडेच प्रांताचा बंदोबस्त सोपवता आला. माणसाचा स्वभाव एका रात्रीत पालटत नाही. पालटले होते ते त्याच्या मिळकतीचे स्वरूप.

आज लुटारू हा शब्द गेला आहे. ‘बेफिकीर’ आणि ‘आळशी’ हे दोन शब्द राहिले आहेत. त्यांची तपासणी करावयाची तर प्रथम उचल म्हणजे काय हे पाहिले पाहिजे. डोंगरातली शेती कोरडवाहू. ज्वारी, मका, भगर यांवर अवलंबून असलेली. श्रावण-भाद्रपदात घरातल्या कणगीचा तळ दिसू लागतो आणि शेतातले पीक अजून हिरवे असते. नेमक्या याच दिवसांत मुकादम पाड्यावर येतो. बँक सातबारा मागते, जामीन मागते. वनजमीन कसणाऱ्या अनेकांपाशी सातबारा कधी नव्हताच, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे दावे मंजूर होण्यास कित्येकांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली आहे. मुकादम कागद मागत नाही. तो केवळ येत्या हंगामाचे हात मागतो. नवरा आणि बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जात असल्याने दोघांनाही जावे लागते. मग मागे मुलाला सांभाळणार कोण? शिवाय धाकट्या भावंडाकडे पाहायला फडावर कोणीतरी हवेच असते. अशा रीतीने तिसरी-चौथीतले पोर दिवाळीनंतर शाळेतून नाहीसे होते.

याला उद्याचा विचार न करणे म्हणता येईल काय? वास्तविक पाहता हे कुटुंब भाद्रपदातच माघ-फाल्गुनातली मजुरी विकून मोकळे झालेले असते. त्या कराराने मजुरीचा दर कमी पडतो, हिशेब मुकादमाच्या वहीत राहतो आणि हंगामाअखेर हाती फारसे काही उरत नाही, हे त्याला पुरते ठाऊक असते. तरीही तो करार तो करतो, कारण दुसरा करार त्याच्यापुढे कोणी ठेवलेलाच नसतो.

आळसाविषयीचा पुरावा तर याहून गमतीचा आहे. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी बारडोलीच्या साखर पट्ट्यातील ऊसतोडणी मजुरांचा अभ्यास करून तो १९७० च्या दशकाच्या अखेरीस प्रसिद्ध केला. आसपास हळपती शेतमजूर मोठ्या संख्येने उपलब्ध असताना कारखाने तोडणीसाठी खानदेशातून माणसे का आणतात, हा प्रश्न त्यातूनच उभा राहिला. हळपती आळशी आणि बेभरवशाचा, असे तिथले जमीनमालक सांगत. म्हणजे खानदेशात ज्याला आळशी म्हणतात तो बारडोलीत कष्टाळू ठरतो, आणि बारडोलीचा आळशी त्याच्याच शेजारी कामावाचून राहतो. नदी ओलांडली की माणसाचा स्वभाव बदलतो असे मानायचे, की घरापासून दूर आणलेल्या, उचलीने बांधलेल्या मजुराला रात्री-अपरात्रीही कामावर जुंपता येते हे खरे कारण समजायचे? दुसरेच उत्तर अधिक पटण्यासारखे आहे.

अर्थशास्त्राला हे उमगायला वेळ लागला. पारंपरिक शेतकरी गरीब असला तरी आपल्या तुटपुंज्या साधनांचा वापर तो हिशेबानेच करतो, असे थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६४ मध्ये मांडले. पुढे १९७९ मध्ये नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी झाले. त्यापुढचे पाऊल २०१३ मध्ये आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन व त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकले. तामिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादकांची आकलनाची चाचणी त्यांनी पीक निघण्यापूर्वी घेतली आणि पीक निघून पैसा हाती आल्यावर पुन्हा घेतली. माणसे तीच, पण तंगीच्या दिवसांतले त्यांचे गुण स्पष्टपणे कमी आले. पैशाच्या विवंचनेने विचारशक्तीचा मोठा हिस्सा आधीच अडवून ठेवलेला असतो, हा त्याचा अर्थ. हे शेतकरी स्वतःची जमीन असलेले होते. ज्याच्यापाशी फक्त कोयता आहे त्याची विवंचना किती मोठी असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

आता निवाडा करणाऱ्याच्या घरात डोकावले पाहिजे. शिक्षक किंवा कारकून काटकसरी असतो, मुलांच्या शिक्षणासाठी पैसे बाजूला टाकतो, हे खरेच. पण त्याची बचत पुष्कळशी तो करीतच नाही. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम पगार हाती येण्यापूर्वीच कापली जाते. सणासुदीला त्यालाही पैसे कमी पडतात. त्यासाठी शासनाने कर्मचाऱ्यांना बिनव्याजी सण अग्रिमाची सोय केलेली आहे आणि ती रक्कम पुढे हप्त्याहप्त्याने पगारातून वळती होते. अग्रिम आणि उचल या दोन शब्दांचा अर्थ कोशात पाहिला तर फार अंतर सापडणार नाही. एक घेणारा मात्र व्यवहारी समजला जातो, आणि दुसरा घेणारा बेफिकीर!

ज्याला तो आपला गुण समजतो तो मोठ्या अंशी महिन्याच्या ठरल्या तारखेचा प्रसाद आहे. ती तारीख चुकत नाही म्हणून घरभाड्याचा, फीचा, विम्याचा हिशेब मांडता येतो. मूल जूनपासून एप्रिलपर्यंत एकाच शाळेत जाते. जानेवारीच्या थंडीत सर्वजण एकाच छपराखाली, आपल्याच अंथरुणावर झोपतात. या गोष्टी इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की त्यांना कोणी सुख म्हणून मोजत नाही. त्या हातच्या जाऊ लागल्या म्हणजे मात्र त्यांचे मोल कळते. १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीत आलेल्यांसाठी जुनी निवृत्तिवेतन योजना बंद झाली होती. ती परत मिळावी म्हणून १४ मार्च २०२३ रोजी राज्यातील कर्मचारी संपावर गेले आणि २० मार्चपर्यंत कचेऱ्या ओस पडल्या. त्यांची मागणी योग्य की अयोग्य हा प्रश्न वेगळा. पण वीस-तीस वर्षांनंतरच्या उद्याची शाश्वती गेली तर माणूस किती अस्वस्थ होतो, हे त्या सहा-सात दिवसांत साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. ऊसतोडणी मजुराची शाश्वती पुढच्या पावसाळ्यापर्यंतही पोहोचत नाही.

याच्या नेमका उलट असा एक निवाडाही हल्ली रूढ होत आहे आणि तोही तितकाच उतावीळ आहे. काठीची राजवाडी होळी पाहायला बाहेरगावचे पुष्कळ लोक येतात. रात्रभर चाललेला ढोल, मोरपिसांचे टोप, अंगावरची चांदी पाहून ते म्हणतात, ‘किती समाधानी माणसे! यांना कशाची चिंता नाही.’ त्या चांदीकडे थोडे निरखून पाहिले तर ती त्या घराची बँक आहे हे ध्यानात येईल. बरे वर्ष आले की चांदी घ्यायची आणि वाईट आले की सावकाराकडे गहाण टाकायची. शेळ्या, कोंबड्या, वाळवून ठेवलेली मोहाची फुले हीदेखील शिल्लकच होय. एकमेकांच्या शेतात मजुरीवाचून राबण्याची ‘लाहा’ ही प्रथा हा विम्याचाच एक प्रकार म्हणता येईल. होळीच्या रात्रीचा आनंद खोटा नसतो. तो वर्षातल्या फार थोड्या मोकळ्या दिवसांचा असतो, म्हणून एवढा उसळून येतो. गरिबीला समाधानाचे नाव देऊन टाकले की पाहुण्याची गाडी निश्चिंत मनाने परत जाऊ शकते.

राहता राहिला दारूचा मुद्दा. ती घरे उद्ध्वस्त करते हे नाकारण्यात अर्थ नाही. पण या जिल्ह्यात ते सर्वांत आधी ओळखले कोणी? १९३० च्या दशकाच्या अखेरीस तळोदा तालुक्यातील मोरवडच्या गुला महाराजांनी आपल्या अनुयायांना दारू सोडावयास लावली. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी शहादा भागात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना यांच्या चळवळीने गेलेल्या जमिनी परत मागितल्या, तेव्हा भिल्ल स्त्रियांनी गावोगाव फिरून दारूची मडकी फोडली. कर्जापायी आणि फसवणुकीने गेलेल्या जमिनी परत देण्याविषयीचा राज्याचा कायदा १९७४ चा आहे. उद्याचा विचार नसलेली माणसे जमिनीसाठी लढत नाहीत.

२०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची साक्षरता सुमारे ६४ टक्के, राज्यात सर्वांत कमी, नोंदली गेली. तो आकडा पुढे करून आईबापांना दोष देणे सोपे आहे. दिवाळीनंतर मुले गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना राज्यात आहे. मात्र ती वेळेवर सुरू व्हायची तर कोणत्या घरातून कोण जाणार याची यादी आश्विनापूर्वी तयार हवी. ती यादी कचेरीत बसून होणार नाही. भाद्रपदात, मुकादम येऊन जाण्यापूर्वी, कोणीतरी पाड्यावर जाऊन कणगीत किती धान्य उरले आहे हे विचारावे लागेल.