मुलाबाळांसह महाड : एक दिवसाची सहल

२० मार्चला महाडला जाणे ही आपल्या घराघरातली रीत आहे. आम्हीही लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून गेलो. परंतु त्या दिवशीची लाखाची गर्दी, डोक्यावरचे ऊन आणि हात सुटला तर मूल सापडायचे नाही ही धास्ती, त्यामुळे आपण मुलांना चवदार तळे दाखवतो म्हणजे खरे तर माणसांच्या पाठी दाखवतो. म्हणून यंदा आम्ही ठरवले, थंडीतला एक साधा रविवार धरायचा. आठ वर्षांचा थोरला, तीन वर्षांची धाकटी, सत्तरीला आलेल्या आई आणि आम्ही दोघे.

पनवेलहून पहाटेची एस.टी. धरली. २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना निम्मे भाडे आहे, आईंचे वयानेही निम्मेच, थोरल्याचे अर्धे, धाकटी फुकट. पूर्ण तिकीट काय ते घरच्या कर्त्या पुरुषाचे! बरोबर भाकऱ्या, लसणाची चटणी, उकडलेली अंडी, पाण्याच्या चार बाटल्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या. पिशव्या विसरू नका. मुंबई-गोवा रस्त्याचे चौपदरीकरण २०११ पासून रखडत आले आहे आणि त्याचा हिशेब लहान मुलांच्या पोटाला द्यावा लागतो. आमच्या धाकटीने तो वडखळलाच दिला.

शेजारच्या बाकावरच्या बाईंनी विचारले, "रायगडला का?" मुले घेऊन महाडला उतरणारे बहुतेक रायगडालाच निघालेले असतात. आई म्हणाल्या, "नाही, तळ्यावर." बाई "अच्छा" म्हणाल्या आणि खिडकीकडे पाहू लागल्या. थोड्या वेळाने मात्र त्यांनीच धाकटीला गोळी दिली.

लोणेरे आले तेव्हा बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ थोरल्याला दाखवले. तो म्हणाला, "इथे शिकायला यायचं का?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. पुढचे पुढे.

ऊन चढण्याआधी गांधारपाले लेणी करावीत, हा आमचा सल्ला. महाड स्थानकावरून रिक्षा मिळते. गावाबाहेर महामार्गालगतच्या डोंगरात सुमारे तीस बौद्ध लेणी आहेत. पायऱ्या आहेत, पण दमवणाऱ्या. आई दोनदा बसल्या. वर गेल्यावर खाली नदी आणि शेते दिसली आणि सगळ्यांचा शीण उतरला. पहिल्याच मोठ्या लेण्यात भगवान बुद्धांची कोरीव मूर्ती आहे. आम्ही तिथे त्रिसरण-पंचशील घेतले. धाकटीला लेण्यात आवाज घुमतो याचाच शोध लागला, त्यामुळे तिचे "सरणं गच्छामि" बराच वेळ चालले.

येथल्या एका ब्राह्मी शिलालेखात विष्णुपालित नावाच्या कुमाराच्या दानाची नोंद आहे. लेणे, चैत्यगृह, आठ खोल्या, पाण्याची दोन टाकी आणि लेण्यापर्यंत येणारी वाट. राजपुत्राने मोठे दान द्यावे यात नवल नाही. पण पाणी आणि वाट ही दानात मोजावी, हे आम्हाला फार आवडले. कातळातली टाकी पाहून आई म्हणाल्या, "बघा, इथं कोणी पाणी कोरून ठेवलं, आणि खाली गावात कोणी अडवून ठेवलं."

सावलीत जेवून दुपारी तळ्यावर आलो. चारी बाजूंनी घरे, मध्ये तळे, पायऱ्या आणि बाबासाहेबांचा पुतळा. गर्दी नव्हती. एक आजोबा पायरीवर बसून होते, एवढेच. थोरल्याला पहिल्यांदाच तळे पुरते दिसले.

पुतळ्याला वंदन करून तिथेच त्याला गोष्ट सांगितली. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव झाला, त्यावरून १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केले. पण कागदावर. १९२७ च्या मार्चमध्ये परिषद भरली तेव्हा आलेल्या माणसांसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. २० मार्चला बाबासाहेब सर्वांना घेऊन इथे आले आणि ओंजळीने पाणी प्याले. मग देवळात शिरणार अशी खोटी आवई उठवून परतणाऱ्या लोकांना मारले. कित्येकांना मुसलमान बांधवांनी घरात आसरा दिला. पुढे तळे 'शुद्ध' करून घेतले, एकशेआठ घागरी शेण-गोमूत्राने.

"शेणाने पाणी शुद्ध होतं?" थोरला हसलाच. मग एकदम गंभीर झाला. "आपल्या लोकांनी उलट का नाही मारलं?"

हा प्रश्न येणार हे आम्हाला ठाऊक होते, तरी उत्तर तयार नव्हते. बाबासाहेबांनी चिडलेल्या माणसांना आवरले, हल्लेखोरांपैकी काहींना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली, तळ्याचा दावा हायकोर्टापर्यंत गेला आणि १७ मार्च १९३७ ला आपल्या बाजूने निकाल लागला, हे सांगितले. त्याने बोटांवर मोजले. "पाणी प्यायला दहा वर्षं?"

आई म्हणाल्या, "हो रे बाळा."

आता त्याला पाणी प्यायचे होते. साचलेले पाणी, पोर आठ वर्षांचे. आम्ही नको म्हटले. तो हट्टाला पेटला, "बाबासाहेब प्याले, मग मी का नाही?" याच काठावर मुलाला पाण्याला नको म्हणताना आमची जीभ अडखळली, हे लपवत नाही. शेवटी आईंनी तोड काढली. ओंजळ भरून त्याच्या डोळ्यांना, कपाळाला लावली आणि एक छोटी बाटली भरून घेतली. पायऱ्या ओल्या असतात, मुलांचे हात सोडू नका.

क्रांतिस्तंभाकडे जाताना धाकटी खांद्यावर झोपली होती. २५ डिसेंबर १९२७ च्या मनुस्मृती दहनाची ही खूण. त्याच डिसेंबरात बाबासाहेबांनी महाडमध्ये जमलेल्या बायांना नीट लुगडे नेसा, अंगावरच्या गुलामीच्या खुणा टाका, असे सांगितले आणि बायांनी तेव्हाच नेसण बदलले. आईंनी हे आपल्या सासूकडून ऐकलेले, ते त्यांनी थोरल्याला नव्हे, आम्हा दोघांना सांगितले.

चारच्या गाडीने निघालो, घरी पोचायला रात्र झाली. आईंनी ती बाटली बाबासाहेबांच्या फोटोशेजारी ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीने ती गॅलरीतल्या जास्वंदीच्या कुंडीत रिकामी केली. आई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पुढच्या खेपेला मोठी बाटली घ्या."